आत पडून काय केलंत?

बनसोडे मॅडम चिडल्या की शुद्ध बोलायच्या. एरवी त्यांची भाषा आमच्याच मातीतली, सास्तूरची. "काय रं माने, लई शाना झालास व्हय?" असं त्या म्हणाल्या की आम्ही निर्धास्त असायचो. पण "माने, आपण जरा इकडे येता का?" असं कानावर पडलं, की मी, रिसेप्शनवरची सुनीता, जनरेटरवाला आणि दारातलं कुत्रं असे चौघं मागच्या दारानं बाहेर पडायचो. कुत्रं सगळ्यांत आधी.

नळदुर्गला हायवेच्या कडेला, ढाब्यांच्या रांगेत आमचं स्कॅन सेंटर होतं आणि मी तिथला एमआरआय टेक्निशियन. आमचं मशीन एवढ्या जोरात वाजायचं की पलीकडच्या ढाब्यावरचा आचारी त्याच्या ठेक्यावर कणीक मळायचा. मशीन बंद असलं की त्या दिवशी रोट्या वातड. खोटं वाटत असेल तर त्या आचाऱ्याला विचारा. तो आता हैदराबादेकडं गेलाय, त्याला मी काय करू?

या मशीनपाशी मॅडम आल्या त्या एक संशोधन घेऊन. शिकल्या पुण्यात, मग बंगळूरला, मग कुठंतरी बर्फाच्या देशात. आणि एवढं शिकून काय बघायचं, तर माणूस काहीही करत नसताना त्याच्या मेंदूत काय चालतं ते. पहिल्या दिवशी मी हसलो. मॅडमनी समजावून सांगितलं. म्हणाल्या, गप्प पडलेल्या माणसाचाबी मेंदू गप्प नसतो. त्यातले ठराविक भाग, लांब लांब असले तरी, एकाच तालात वरखाली होत राहतात. बोलण्याचे भाग एकमेकांशी, हालचालीचे एकमेकांशी. अशी ती जाळी. ती बघायच्या रीती वेगवेगळ्या. एमआरआय रक्ताचा माग काढतं: मेंदूचा जो भाग कामाला लागला तिकडं रक्त धावतं, ते दिसतं. चित्र रेखीव, पण उशिराचं. दुसरी रीत टोपीची. डोक्यावर तारांची टोपी घालायची, ती थेट वीज पकडते. क्षणाक्षणाची खबर देते, पण नेमकी कुठली, ते धूसर. एकाच माणसाला दोन्हींत घालून कोण किती खरं सांगतं ते ताडून बघायचं, हे मॅडमचं काम.

मॅडम उंचीनं पाच फुटाला दोन बोटं कमी. पण चालायच्या अशा, की कॉरिडॉरमधून समोरून स्ट्रेचर आलं तर स्ट्रेचरनं वाट द्यावी. सकाळी पहिल्या माणसाच्या आधी स्वतः मशीनमध्ये पाच मिनिटं पडायच्या. "ज्या भोकात म्या गेले न्हाय, त्यात दुसऱ्याला घालणार न्हाय," म्हणायच्या.

माणसं आणली सास्तूरहून आणि आसपासच्या गावांतून. त्यांना सांगायचं एवढंच: काही करू नका, झोपू नका, पडून राहा. शेतकरी माणसाला पडा म्हटलं की तो झोपतो. पहिल्या आठवड्यात आतल्या घोरण्यानं मशीन दबून गेलं होतं. एक म्हातारी तर उठून बसली आणि म्हणाली, "नुसतं पडायचे पैसे न्हाईत, जेवण न्हाय, वर झोपायचं बी न्हाय? ह्यापरीस माझी सून बरी." बायकांच्या डोक्यात तेल एवढं, की टोपीच्या तारा चिकटेनात. मॅडमनी मागच्या नळावर पाट मांडला आणि स्वतः शिकेकाईनं एकेकीचं डोकं धुवायला बसल्या. डॉक्टरीण डोकी धुती म्हटल्यावर गावात बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी ज्यांचा संशोधनाशी काही संबंध नाही अशा बायकाही टॉवेल घेऊन हजर. मॅडमनी त्यांचीही धुतली.

आणि प्रत्येकाला बाहेर आल्यावर एकच प्रश्न. "आत पडून काय केलंत?"

उत्तरं एका शाळेच्या वहीत लिहून घ्यायच्या. कुणी मनात जावेशी भांडली. कुणी गोठ्यातल्या म्हशी मोजल्या. सास्तूरच्या एका तरण्या मास्तरांनी सांगितलं, "श्वास बघत होतो मॅडम. रविवारी विहारात बसतो तसा." मॅडम स्वतः त्याच विहारात वाढलेल्या. वहीवरून मान वर न करता म्हणाल्या, "बघ माने, ह्यांची विश्रांती म्हंजे मेहनत हाय. आन् आपण चित्रावर लिवणार 'स्वस्थ पडलेला मेंदू'."

मला ती वही म्हणजे गंमत वाटायची. एवढं थोरलं मशीन, आणि बाई विचारतात तुम्ही काय केलंत! काशिनाथ आप्पा आले तोवर मी त्या वहीवर मनसोक्त हसून घेतलं.

काशिनाथ आप्पा म्हणजे तुळजापूर बसस्थानकाचा आवाज. ऐन उमेदीची वर्षं कंडक्टर म्हणून गाडीत घालवली, मग नियंत्रक होऊन माइकसमोर बसले. त्यांनी तुळजापुरात 'सोलापूर' म्हटलं की सोलापूरच्या स्टँडवर माणसं पिशव्या उचलायची, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. फारसं खोटं नाही ते. तर हा आवाज दोन महिन्यांपासून मध्येच थांबायला लागला. 'सुटणारी गाडी फलाट क्रमांक...' आणि पुढं काहीच नाही. माणूस माइककडं बघत बसलेला, तोंड उघडं, शब्द गायब. मिनिटाभरानं परत सुरू. स्कॅन काढलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, जरा पुढं गाठ.

ऑपरेशन करणारे सर्जनसाहेब सोलापूरचे. हात सोन्याचा, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मॅडमना सांगितलं, तुमच्या त्या जाळ्यांचा नकाशा काढून द्या. बोलण्याचा भाग गाठीला किती चिकटलाय ते मला कळू द्या. गुरुवारी ऑपरेशन ठरलेलं. आप्पा आमच्याकडं आले सोमवारी, बरोबर त्यांच्या पत्नी, शांताकाकू.

आप्पा मशीनमध्ये पडले, मग टोपीत बसले. संध्याकाळपर्यंत दोन्ही नकाशे तयार झाले, आणि मॅडमनी खुर्ची मागं सरकवली.

नकाशे जुळत नव्हते. रक्ताचा नकाशा सांगत होता की डावीकडं गाठीच्या भोवती बोलण्याचं जाळं नाहीच. ते उजवीकडं सरकलंय. टोपीचा नकाशा धूसर, पण सांगत होता की डावीकडं, नेमकं गाठीच्या काठाला, जोरात कामकाज चालू आहे.

सर्जनसाहेबांना मात्र रक्ताचा नकाशा पाहून आनंदच झाला. "छान! बोलणं उजवीकडं गेलंय. म्हणजे मला डावीकडून गाठ काठासकट पूर्ण काढता येईल. पेशंटला भूल देऊन, आरामात."

"आणि टोपी?" मॅडम म्हणाल्या.

"टोपीचं काय घेऊन बसलात? धुक्यातला दिवा तो. तुमचं एमआरआय बघा, कसं स्वच्छ आहे!"

आता ह्यात काय अडकलं होतं ते सरळ सांगतो, इथं एक अक्षर वाढवत नाही. रक्ताचा नकाशा खरा असला, तर आप्पांची गाठ मुळासकट निघणार. खोटा असला, तर त्या काठाबरोबर आप्पांचं बोलणं कापलं जाणार. कायमचं.

मंगळवारी मॅडमनी आप्पांना समोर बसवलं आणि वही उघडली. "आप्पा, आत पडून काय केलंत?"

आप्पा ओशाळले. "तुमी म्हनला काय बी करू नका. पर खरं सांगू का मॅडम? म्या आडवा झालो की टाइमटेबल सुरू होतंय. पहाटेच्या पयल्या गाडीपासनं. सोलापूर, धाराशिव, लातूर... माझ्या हातात न्हाय ते."

"मशीनमध्ये का टोपीत?"

"दोनीत. मशीनमधी तर लईच. त्या खडखडाटात स्टँडवरच असल्यागत वाटलं."

शांताकाकू म्हणाल्या, "घरी बी असंच हाय. मी काय सांगाया लागले की हे मनात गाड्या सोडत्यात. तीस वर्सं झाली, ह्यांच्या डोक्यात मला फलाट मिळाला न्हाय."

मी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, हे साहेबांना सांगू नका. म्हणतील, माणूस स्वस्थ पडलाच नव्हता, दोन्ही नकाशे बाद. टोपीचा आधार गेला तर तुमच्याकडं काय उरतं?"

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की मी पट्टा घट्ट केला. "माने, आपण फोन जोडून देता का?"

सांगितलं त्यांनी. आणि झालंही तसंच. साहेब म्हणाले, "मग दोन्ही सोडून द्या. मी माझ्या अनुभवावर जाईन."

"साहेब, उलट आहे," मॅडम म्हणाल्या. "हा माणूस दोन्ही वेळा मनात बोलत होता. बोलत असताना वीज डावीकडं दिसते आणि रक्त दिसत नाही. कदाचित गाठीनं तिथल्या रक्तवाहिन्या निकामी केल्या असतील. भाग काम करतोय, पण रक्त धावत नाही. एमआरआयला तिथं अंधार दिसेल. आणि अंधार म्हणजे रिकामी जागा, असं आपण समजू."

"कदाचित," साहेब म्हणाले. "कदाचितवर मी अर्धी गाठ आत ठेवायची? ती परत वाढली तर तुम्ही येणार का काढायला?"

साहेबही चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत.

मग मॅडमनी श्वासाची परीक्षा काढली. माणसानं श्वास रोखला की मेंदूतल्या सगळ्या रक्तवाहिन्या फुगतात, सगळीकडं रक्त वाढतं. चांगली वाहिनी असेल तिथं रेघ चढते. जिथं वाहिनीच मेली, तिथं रेघ सपाट. वीस सेकंद श्वास, वीस सेकंद रोखणं, असं आठ-दहा वेळा. काठाची रेघ चढली, तर साहेब खरे. सपाट राहिली, तर एमआरआय तिथं आंधळं, आणि टोपीचं ऐकायला हवं.

मशीनच्या खडखडाटात बोलणं नीट ऐकू जात नाही, म्हणून मी हेडफोनला बेल जोडून दिली. मॅडमनी आप्पांना समजावलं: एक बेल झाली की श्वास घ्या-सोडा, दोन झाल्या की रोखा. आप्पांनी मान डोलावली. छाती त्यांची लोहाराच्या भात्यासारखी. तुळजापूरच्या घाटात रोखलेला श्वास नळदुर्गात सोडला असता त्यांनी.

बुधवारी दुपारी सर्जनसाहेब स्वतः आले आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मी बेल देत गेलो. परीक्षा संपली, रेघा पडद्यावर आल्या आणि साहेब हसले.

सगळ्या मेंदूची रेघ उलटी. जिथं चढायला हवी तिथं उतरलेली, उतरायला हवी तिथं चढलेली. गाठीच्या काठाची तेवढी सपाट.

"मॅडम, हा कुठला मेंदू?" साहेब म्हणाले. "श्वास रोखल्यावर ह्याचं रक्त कमी होतं! तुमची परीक्षा फसलीय. मी निघतो, उद्याची तयारी करायचीय."

मॅडम उठल्या. आत गेल्या, आप्पांना उठवून बसवलं. काचेतून आम्हाला ऐकू येत होतं.

"आप्पा, आत पडून काय केलंत?"

"तुमी सांगितलं तसंच."

"एक बेल झाली तवा?"

"थांबलो की. श्वास धरला."

"आन् दोन?"

"सोडला." आप्पांनी त्यांच्याकडं नवशिक्या प्रवाशाकडं बघावं तसं बघितलं. "मॅडम, एक बेल म्हंजे थांबा. डबल बेल झाल्यावर कोन थांबतंय? मागची गाडी येऊन धडकंल."

मी हसलो. साहेबही हसले, पण दारातून परत फिरले नाहीत. म्हणाले, "म्हणजे आता रेघ उलटी करून वाचायची? उत्तर आवडलं नाही की कागद फिरवायचा?"

मला वाटलं मॅडम भांडतील. त्या म्हणाल्या, "नाही. तुमचं बरोबर आहे. परत करू. उद्या सकाळी, तुम्ही थिएटरमध्ये जायच्या आधी. तुम्ही बघायला या."

साहेब घड्याळाकडं बघत उभे राहिले. "सातला. सव्वासातला मी निघालो असेन."

बुधवारी संध्याकाळी आप्पांना आकडी आली आणि ती गेल्यावरही बोलणं परतलं नाही. गुरुवारी सकाळी ते आले तेव्हा तोंडातून नुसता 'अ... अ...' निघत होता. शांताकाकूंच्या तोंडाचा नेहमीचा पट्टा बंद. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, ह्येंचं बोलनं ऱ्हाईल ना वो?"

मॅडम म्हणाल्या, "ठावं न्हाय काकू. तेच बघाया लागलोय." दुसऱ्या कुणीही 'हो' म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

माझ्या मनात एकच धास्ती: बोलता येत नाही, तर सांगितलेलं कळतं तरी का? मॅडमनी आप्पांचा हात धरला. "आप्पा, तुमच्याच पद्धतीनं. सिंगल बेल, थांबा. डबल बेल, चला." आप्पांनी पापण्या मिटल्या, उघडल्या.

साहेब सातला दोन मिनिटं कमी असताना आले. मी पहिली बेल दिली. देताना डोळे मिटून घेतले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगतो ते असं की मॅडमनी मिटून घेतले. मॅडम हाताची घडी घालून पडद्याकडं बघत उभ्या होत्या. बेल. वीस सेकंद. दोन बेल. वीस सेकंद. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, तिचा आवाजही मला त्या दिवशी ऐकू आला नाही.

रेघा पडद्यावर आल्या. सगळ्या मेंदूत रेघ चढलेली, उतरलेली, चढलेली. अगदी वेळच्या वेळी. गाठीच्या काठाला मात्र सपाट. जरासुद्धा हलली नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे इथं आपलं एमआरआय आंधळंच होतं."

"इथं," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळीकडं त्याचं चित्र टोपीपेक्षा चांगलं आहे. ते टाकून देऊ नका."

"जागं ठेवून करतो," साहेब म्हणाले आणि फोन लावत बाहेर पडले.

ऑपरेशन मी डोळ्यांनी बघितलं असं मी तुळजापुरात सांगतो. इथं सांगत नाही. मी शांताकाकूंबरोबर सोलापूरला बाकड्यावर बसलो होतो. आत मॅडम होत्या. औषधानं दुपारपर्यंत आप्पांचे शब्द परत आले होते. कवटी उघडून, माणूस जागा ठेवून, साहेब एकेका जागी बारीकसा करंट लावायचे आणि आप्पांनी बोलत राहायचं. काय बोलायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर, बार्शी. नर्सा म्हणे मास्कच्या आत हसत होत्या. मग साहेबांनी त्या काठाला टोक टेकवलं, आणि आप्पा 'ला' वर थांबले. टोक काढलं, 'तूर'. परत टेकवलं, परत बंद. साहेबांनी तिथं खुणेचा कागद ठेवला आणि तेवढी गाठ आत सोडून दिली.

बाहेर आल्यावर मॅडमनी शांताकाकूंना स्पष्ट सांगितलं: बोलणं राहिलंय, थोडी गाठही राहिलीय, औषधं, किरणं, तपासण्या हे आता चालत राहणार. काकूंनी विचारलं, "बोलत्यात का पर?" मॅडम म्हणाल्या, "थांबंनात." काकू पदरात तोंड घालून अशा रडायला लागल्या, की सोलापुरात नळाला पाणी आलं असं लोकांना वाटलं.

मॅडमचा अहवाल नंतर कुठंतरी छापून आला. त्यात आप्पांचं नाव नव्हतं, नसतंच. पण प्रत्येक माणसापुढं एक रकाना होता, 'पडून काय केलं' असा. वरच्या लोकांनी तो काढायला सांगितला होता म्हणे. मॅडमनी त्यांना काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण शुद्ध भाषेत दिलं असणार.

काम संपलं आणि त्या निघाल्या. मी त्यांना मोटरसायकलवरून तुळजापूरला सोडायला गेलो. यात्रा नव्हती, तरी स्टँड भरलेलं. आप्पा आठवडाभर आधीच माइकवर परतले होते, दिवसाला दोन तास. आम्ही त्यांच्या खोलीत गेलो नाही. मी म्हटलं, भेटून येऊ. मॅडम म्हणाल्या, "नको. त्येंला कामातच ऐकायचंय."

पुण्याची गाडी लागली. मॅडमनी एक पाय पायरीवर ठेवला, आणि वर कर्ण्यातून आप्पांचा आवाज आला. पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी नळदुर्गमार्गे..."

आणि थांबला.

स्टँडवर कुणाला काही कळलं नाही. दोन माणसांनी कर्ण्याकडं बघितलं. बांगड्यांच्या गाड्यावरची बाई म्हणाली, "झोपला का काय बाबा?" मॅडमचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, चढताय का?" त्यांनी ऐकलं नाही. मी सेकंद मोजायला लागलो; मोजता मोजता विसरलो.

कर्णा खरखरला. आप्पांचा श्वास ऐकू आला, अख्ख्या स्टँडला. मग ते म्हणाले, माइकवरच, "थांबा वो. येतंय."

अजून थोडा वेळ.

"...उमरगा."

मॅडमनी दुसरा पाय वर घेतला.